पाहुणीचा ठाव

"पुन्हा सांग," कॅप्टन म्हणाले. "काय ऐकू येतंय?"

"टिक्, सर."

"टिक्?"

"हो सर. बारीक. नखानं ताटाची कड वाजवावी तसं. दर सत्तेचाळीस सेकंदांनी एकदा."

कॅप्टन कुरुविला माझ्या खुर्चीमागे उभे होते. पायात नुसते मोजे, अंगात घामानं चिकटलेला बनियन. पंखे बंद होते, आत एक्केचाळीस अंश तापमान होतं आणि तीन दिवसांत कुणी आंघोळ केलेली नव्हती. माझ्या शेजारी मास्टर चीफ तोरसकर दुसरा हेडफोन कानांवर दाबून, डोळे मिटून बसले होते.

"चीफ?" कॅप्टननी विचारलं.

तोरसकरांनी एक मिनिट ऐकलं. मग आणखी एक मिनिट. माझ्या कानात टिक् झालं, मी बोट वर केलं. ते माझ्या बोटाकडे बघत राहिले. पुन्हा टिक् झालं, पुन्हा मी बोट वर केलं. त्यांनी मान हलवली.

"टिक-बिक काही नाही, सर. उत्तरेला चार पंखे आहेत, जोरात चाललेत. पाहुणीच आहे ती."

सकाळचे सव्वानऊ झाले होते. सराव बारा वाजता संपणार होता.

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, नौदलाच्या एका पाणबुडीवर सोनारवर होतो. सोनार म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायचं यंत्र. पण आमच्या माण तालुक्यातल्या गावात बरीच वर्षं लोकांना वाटायचं, की काळेलांचा भानुदास नेव्हीत दागिने घडवतो. पाणबुडी जुनी होती, डिझेलवर बॅटरी भरून पाण्याखाली बॅटरीवर चालणारी. तिचं खरं नाव इथं लिहीत नाही. आम्ही तिला 'म्हातारी' म्हणायचो.

आणि 'पाहुणी' म्हणजे एका मित्रदेशाची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका. दोन्ही नौदलांचा अरबी समुद्रात तीन दिवसांचा सराव होता. पाहुणीनं तिच्या सोबतच्या विनाशिकांसह पश्चिमेकडून येऊन ठरलेला पट्टा पार करायचा, आणि आम्ही शत्रू म्हणून तिला अडवायचं. खरे टॉर्पेडो अर्थातच नाहीत. जवळ जाऊन, पेरिस्कोपमधून फोटो घेऊन हिरवा धूर पाण्यावर सोडायचा, की पंचानं मान्य करायचं: बुडाली.

पंच त्यांचाच होता. लेफ्टनंट कमांडर हॅरिस नावाचा उंच, चष्मेवाला अधिकारी. तीन दिवस आमच्यासोबत म्हातारीत राहायला आला होता आणि पहिल्याच तासात त्याचं डोकं चार ठिकाणी आपटलं होतं. माणूस चांगला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी जेवणाच्या टेबलाशी तो आमच्यात येऊन बसला आणि पाहुणीविषयी बोलला. त्याची सुरुवातीची नोकरी त्याच जहाजावर झाली होती.

"माझे वडील जगातल्या पहिल्या अणुशक्तीवरच्या विमानवाहू नौकेवर होते," तो म्हणाला. "आठ अणुभट्ट्या होत्या तिच्यात. एकोणीसशे चौसष्टमध्ये ते पासष्ट दिवसांत पृथ्वीला वळसा घालून आले. वाटेत तेलाचा एक थेंब घेतला नाही. आता दोनच भट्ट्या पुरतात. आणि एकदा इंधन भरलं, की पंचवीस वर्षं बघायला नको."

आमच्या बॅटरीचं रोज रडगाणं चालायचं. चोवीस तासांतून काही वेळ नळी वर काढून, डिझेल इंजिन लावून ती भरावी लागे, आणि तेवढ्या वेळात आम्ही सापडायचा धोका असे.

"वेग किती हो?" मी विचारलं.

"तीस सागरी मैलांच्या वर. किती वर, ते विचारू नकोस," तो हसला. "आणि हा वेग तासभर नाही. महिनाभर ठेव म्हटलं तर महिनाभर."

आमची म्हातारी जीव तोडून धावली तरी सतराच्या वर जात नसे, आणि तेही तासभरच. मग बॅटरी संपे.

"डेक किती मोठा?"

"साडेचार एकर."

आमच्या चार भावांचं सगळं मिळून रान साडेतीन एकर होतं. हॅरिस सांगत होता: पाच हजार माणसं, उभं विमान वाफेच्या धक्क्यानं दोन सेकंदांत ताशी अडीचशे किलोमीटरवर नेऊन हवेत फेकायचं यंत्र, दिवसाला समुद्राचं पंधरा लाख लिटर पाणी गोडं करायची सोय. मी मनात हिशेब केला, दीडशे टँकर. उन्हाळ्यात आमच्या गावाला दोन दिवसांतून एक यायचा.

तेवढ्यात तोरसकरांनी विचारलं, "आंघोळ रोज करतात?"

"रोज," हॅरिस म्हणाला. "गरम पाण्यानं."

टेबलावर अशी शांतता पसरली, की अणुभट्टीलासुद्धा तेवढा मान मिळाला नव्हता.

मास्टर चीफ तोरसकर वेंगुर्ल्याचे. वय बावन्न, त्यातली सव्वीस वर्षं पाण्याखाली. मला सोनारवर त्यांनी उभं केलं. मी आलो तेव्हा समुद्र म्हणजे मला एकच गोंगाट वाटायचा. त्यांनी तो सोडवून दाखवला. हा मालवाहू, याला एकच मोठा पंखा, धप्‌... धप्‌... चालतो. हा मच्छीमार ट्रॉलर, खोकल्यासारखा. ही कोळंबी, लाह्या फुटल्यासारखी तडतडते. हा देवमासा, याला नमस्कार करायचा आणि सोडून द्यायचं. चुकलो की डोक्यात टपली मारायचे, बरोबर आलो की खिशातून खडीसाखर द्यायचे. मला 'झिला' म्हणायचे. त्यांच्याकडे मुलाला तसं म्हणतात.

पहिल्या दिवशी आम्ही बुडालो होतो. म्हणजे सरावाच्या नियमानं. एका हेलिकॉप्टरनं दोरीला बांधलेला सोनार पाण्यात सोडून आम्हाला गाठलं आणि हॅरिसनं घड्याळ बघून, 'सॉरी, कॅप्टन' म्हणून वहीत खूण केली. चौकशीत कॅप्टननी विचारलं, सोनारला आधी कळलं कसं नाही? मी म्हणालो, मला उशिरा ऐकू आलं, सर. कॅप्टननी सगळ्यांसमोर जे सुनावलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तोरसकर तेव्हा शेजारी उभे होते, जमिनीकडे बघत. दुसऱ्या दिवशी डाव नव्यानं सुरू झाला आणि पाहुणी आमच्या वीस मैल लांबून, आमच्या नाकावर टिच्चून, तिच्या त्या वेगानं निघून गेली. आम्ही तिच्या मागचं पाणी ऐकत बसलो.

म्हणून तिसऱ्या दिवशी, नियमाप्रमाणे पाहुणी पुन्हा पश्चिमेला जाऊन परत येणार होती, तेव्हा कॅप्टननी ठरवलं की पाठलाग करायचा नाही. पट्ट्याच्या मधोमध जाऊन, सगळं बंद करून पडून राहायचं. स्वयंपाक बंद, पंखे बंद, बूट बंद. बोलणं कुजबुजून. बिस्किटं आणि लोणचं खाऊन बावन्न माणसं पहाटेपासून आपापल्या जागी चिकटून बसली होती.

नऊच्या सुमाराला उत्तरेकडून मोठा आवाज आला. चार पंखे, जोरात. सगळ्या म्हातारीत न बोलता एक लाट गेली: आली. कॅप्टननी नकाशावर पट्टी ठेवली. आताच निघून दहाच्या वेगानं उत्तरेला गेलं, तर पाऊण तासात तिच्या वाटेवर पोचता येत होतं. बॅटरी एकतीस टक्के होती. त्या धावपळीनंतर ती दहावर आली असती. म्हणजे जायचं ते एकदाच जायचं. अंदाज चुकला तर परत फिरायला काही उरणार नव्हतं.

आणि नेमकं तेव्हा मी 'टिक्' ऐकलं.

"टिक् आहे, असं धरून चालू," कॅप्टन म्हणाले. "त्याचा अर्थ काय?"

"सर, पंख्याचा आवाज कधीच हुबेहूब तसाच परत येत नाही. लाट येते, वळण येतं, काहीतरी बदलतं. हा दर सत्तेचाळीस सेकंदांनी तोच येतोय. टेप लावल्यासारखा. टेपचा जोड आहे तो, सर. दुसरंच कुठलं तरी जहाज पाण्यात पेटी सोडून पाहुणीचा आवाज वाजवत चाललंय."

"मग पाहुणी कुठं आहे?"

हे सांगायला मला भीती वाटत होती. सांगितलं.

"दोनशे दहा अंशांवर, सर. नैर्ऋत्येला."

"दोनशे दहावर मालवाहू जहाज आहे. तासाभरापूर्वी तूच सांगितलंस."

"आहे, सर. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी आहे."

माणमध्ये दुष्काळी वर्षी एका विहिरीत चारचार मोटारी सोडलेल्या असतात. माझे चुलते मोटारींची दुरुस्ती करायचे. विहिरीच्या काठावर पालथं पडून, कुणाची मोटार पाणी ओढते आणि कुणाची हवा घेते, हे नुसतं ऐकून सांगायचं काम माझ्याकडे असे. चार मोटारी एकत्र चालल्या की त्यांचा सूर कधी जुळतो, आवाज फुगतो. मग सुटतो, आवाज बसतो. दोनशे दहावरच्या त्या धप्‌ धप्‌च्या खाली मला तेच ऐकू येत होतं. फुगत होतं, बसत होतं. हळू चाललेले चार पंखे. आणि त्या सगळ्याच्या तळाशी न थांबणारी एक बारीक घूं, कधीच बंद न होणाऱ्या पंपाची.

"ती मालवाहूच्या आडोशानं चाललीय, सर. सात-आठच्या वेगानं."

"पाहुणी? सात-आठच्या वेगानं?" नकाशावर वाकलेला तरुण अधिकारी म्हणाला. "तिचा सगळा जीव तिच्या वेगात आहे. ती हळू कशाला चालेल?"

"म्हणूनच, सर," मी म्हणालो. "आपण वेगवान जहाज शोधत बसणार, हे त्यांना माहीत आहे."

कॅप्टननी हॅरिसकडे पाहिलं. हॅरिस कोपऱ्यात चष्म्याची काच बनियनला पुसत होता. फार मन लावून पुसत होता. पंचाला बोलायची परवानगी नव्हती.

कॅप्टननी स्वतः हेडफोन घेतला. दोन मिनिटं ऐकून परत दिला. त्यांना त्या खिचडीतलं काही कळलं नाही, आणि तसा आव त्यांनी आणलाही नाही.

"माझ्याकडे सव्वीस वर्षांचा अनुभव आहे, तो म्हणतो उत्तरेला," ते हळू म्हणाले. "आणि एक मुलगा आहे, ज्याला परवा डोक्यावरचं हेलिकॉप्टर ऐकू आलं नाही, तो म्हणतो नैर्ऋत्येला. काळेल, तूच सांग, माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

मला जे सांगता आलं असतं, ते चीफसमोर माझ्या तोंडून निघण्यासारखं नव्हतं.

"उत्तरेला वळवायची तयारी करा," कॅप्टन म्हणाले.

तेव्हा तोरसकरांनी हेडफोन काढला. तो काळजीपूर्वक हुकाला अडकवला आणि उभे राहिले. पाणबुडीत सोनारवरचा माणूस पाळी संपल्याशिवाय उठत नाही. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"सर, वळवू नका."

"का, चीफ?"

"मला ऐकू येत नाही, सर."

कॅप्टनना वाटलं, आत्ताचं म्हणतायत. "म्हणजे टिक् नाही, असंच ना?"

"टिक् असेल, सर. मला ऐकू येत नाही." ते थांबले. "उजवा कान दीड वर्षापासून गेला. डावाही बारीक आवाज पकडत नाही. मेडिकलला कानतपासणीत मी नुसतं बघून उत्तरं दिली. समोरच्या माणसाचं बोट बटणावर गेलं की आपण हात वर करायचा. सोपं असतं."

नकाशावरच्या अधिकाऱ्यानं पेन्सिल खाली ठेवली. कुठंतरी पाणी ठिबकत होतं.

"परवा," तोरसकर म्हणाले, "काळेलनं वेळेवर सांगितलं होतं. सात मिनिटं आधी. सत्तर अंशांवर शिट्टी आहे, चीफ, असं म्हणाला. मी म्हटलं, कोळंबी आहे, गप बस. नंतर चौकशीत तो माझ्यासाठी खोटं बोलला. आणि मी बोलू दिलं."

मला वर बघवेना. मी पडद्यावरच्या हिरव्या रेषांकडे बघत बसलो. त्या दिवशी त्यांनी मला 'माझ्यासाठी बोलू नकोस' असं सांगितलं असतं, तरी मी तेच बोललो असतो. समुद्र मला त्यांनी सोडवून दिला होता.

कॅप्टन कुरुविला चिडतील, असं मला वाटलं. हे कळल्यावर तोरसकरांना पुन्हा कधीही पाणबुडीत पाय ठेवता येणार नव्हता, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांना स्वतःला तर सगळ्यांत आधी. त्यांची निवृत्ती अजून पाच वर्षं लांब होती.

"चीफ," कॅप्टन शेवटी म्हणाले, "आत्ता सोनार कोण चालवतंय?"

"काळेल चालवतोय, सर."

"तुमची शिफारस?"

"मी शिकवलेल्यांत त्याच्यासारखा कान दुसरा नाही, सर. तो दोनशे दहा म्हणाला, तर दोनशे दहा."

कॅप्टननी नकाशावरची पट्टी उचलली आणि नैर्ऋत्येला ठेवली.

"वेग चार. आवाज नको. काळेल, आता तू मला घेऊन चल."

पुढच्या दोन तासांसारखे तास मी आयुष्यात पुन्हा कधी जगलो नाही. तोरसकर माझ्या मागं उभे राहिले, एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर. मी ऐकायचो, बोट दाखवायचो, ते ती दिशा कुजबुजत पुढं पोचवायचे. दोनशे सात. दोनशे तीन. एकशे अठ्ठ्याण्णव. उत्तरेचा तो मोठा आवाज आमच्या मागून, दर सत्तेचाळीस सेकंदांनी टिक् करत, निवांत पूर्वेकडे चालला होता, आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून रांगत होतो. बॅटरी अठ्ठावीस. सव्वीस.

पावणेअकराला विनाशिका आली. पाहुणीच्या पुढं, लांबवर, ती वाट झाडत चालली होती. तिच्या सोनारचा आवाज हेडफोनशिवायच सगळ्यांना ऐकू येऊ लागला. पिंग... पिंग... दर वेळी आमच्या लोखंडाला चिमटा काढल्यासारखा.

"थांबा," कॅप्टन म्हणाले. मोटार बंद झाली. म्हातारी पाण्यात नुसती लोंबकळत राहिली.

मी ऐकत होतो. तिचे पंखे जवळ आले. आणखी जवळ. मग डोक्यावर. सगळ्यांच्या माना वर. टेबलावरचे पेले थरथरले, कुणीतरी ते दोन्ही हातांनी कवटाळून धरले. तोरसकरांचा हात माझ्या खांद्यावर आला. ते कुजबुजले, "गेली?"

त्यांना डोक्यावरची विनाशिकासुद्धा नीट कळत नव्हती.

"जातेय, चीफ," मी त्यांच्या डाव्या कानाशी म्हणालो. "जातेय... गेली."

"थांबली तर नाय मा?"

"नाही. त्याच चालीनं पुढं गेली."

"मग चल, झिला," ते म्हणाले. "पाहुणीक भेटूक."

आता मला चारही पंखे वेगळे ऐकू येत होते. मालवाहूचं धप्‌ धप्‌ डावीकडे सरकलं, आणि त्याच्या मागून तो फुगणारा, बसणारा आवाज उघडा पडला. इतक्या मोठ्या गोष्टीचा इतका शांत आवाज मी कधी ऐकला नव्हता. वाफ नळ्यांतून फिरत होती, दातेरी चाकं एकमेकांत वळत होती, आणि खाली ती घूं. पंचवीस वर्षं न थांबणारी.

"अंतर, माझ्या अंदाजानं, तीन हजार यार्डांच्या आत, सर."

"पेरिस्कोप," कॅप्टन म्हणाले. घड्याळात अकरा वीस.

पेरिस्कोप सहा सेकंद वर राहिला. कॅप्टननी डोळा लावला, बोटानं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. पेरिस्कोप खाली आला. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता, की त्यांना बोलायचंय आणि शब्द कुठं ठेवलेत ते आठवत नाही.

"मालवाहू नारिंगी रंगाचा आहे," ते म्हणाले. "आणि त्याच्या मागं आभाळ दिसायला हवं होतं. आभाळ नाही."

"काय आहे, सर?" नकाशावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"भिंत आहे. राखाडी भिंत. वर विमानं उभी आहेत. माणसं चालताना दिसतायत." मग आवाज उंचावून: "हिरवा धूर सोडा!"

धूर सुटल्याचा खट्‌ आवाज झाला. पाण्याखालच्या टेलिफोनवरून कॅप्टननी तीनदा सांगितलं, की चार टॉर्पेडो सोडले आहेत. मग सगळे हॅरिसकडे बघायला लागले.

हॅरिसनं घड्याळ पाहिलं. नकाशा पाहिला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तीन फोटो पाहिले. तिसऱ्यात त्या भिंतीवर लिहिलेला मोठा आकडा चौकटीत मावत नव्हता. त्यानं वही उघडली, लिहिलं, सही केली. आणि मग ताठ उभं राहून कॅप्टनना सॅल्यूट ठोकायला गेला, तेव्हा त्याचं डोकं पाचव्यांदा वरच्या नळीवर आपटलं.

"बुडाली, सर," डोकं चोळत तो म्हणाला. "माझं जहाज. माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही, पण बुडाली."

त्यानंतर आम्ही किती ओरडलो, ते मला सांगता येणार नाही. पहाटेपासून कुजबुजणारी बावन्न माणसं एकदम ओरडली. स्वयंपाकी पातेलं बडवत आला. पंखे सुरू झाले. कुणीतरी मला उचललं आणि माझंही डोकं वर आपटलं. मी तोरसकरांना शोधत होतो. ते सोनारच्या खुर्चीत बसले होते, हेडफोन मांडीवर. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर खडीसाखरेचा एक खडा ठेवला.

आम्ही वर आलो. दुपारच्या उन्हात पाहुणी आमच्यापासून मैलभरावर होती, आणि मैलभरावरूनसुद्धा ती बघायला मान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी लागत होती. तिच्यावरून दिव्यानं संदेश आला. कॅप्टननी वाचून दाखवला: 'अभिनंदन. आम्ही उत्तरेला होतो ना? ज्यानं शोधलं, त्याला उद्या आमच्याकडे जेवायला पाठवा.'

"दोघांनी शोधलं," कॅप्टन म्हणाले, आणि तसंच उत्तर पाठवलं.

बंदरात परतल्यावर वैद्यकीय मंडळ बसलं. खोट्या तपासणीबद्दल तोरसकरांना सक्त ताकीद मिळाली आणि पाणबुडीसाठी कायमचं अपात्र ठरवलं गेलं. कॅप्टन कुरुविलांनी त्यांच्यासाठी चार पानी पत्र लिहिलं. नोकरीची उरलेली पाच वर्षं त्यांनी किनाऱ्यावरच्या सोनार शाळेत काढली. तिथं त्यांच्या हाताखालून शिकून गेलेली माणसं आज ज्या ज्या पाणबुडीवर आहेत, त्या त्या ठिकाणी खडीसाखर सापडते, असं ऐकतो.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टर आलं आणि कॅप्टन, हॅरिस, तोरसकर आणि मी असे चौघं पाहुणीवर उतरलो. आधी त्यांनी आम्हाला गरम पाण्याची आंघोळ करायला लावली. तोरसकर अर्धा तास बाहेर येईनात. मग जेवण झालं, मग डेकवर नेलं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर कानझाकणी असलेली टोपी चढवली आणि हॅरिसनं खुणेनं बजावलं: काहीही झालं तरी काढायची नाही.

समोर एक विमान उभं होतं. त्याच्या पुढच्या चाकाशी माणसं वाकली होती. पायाखालच्या फटीतून पांढरी वाफ येत होती. खाली कुठंतरी दोन भट्ट्यांवर पाणी उकळत होतं आणि ती वाफ इथं येऊन वाट बघत होती. विमानानं इंजिनं फुल केली. डेक थरथरायला लागला. कानझाकणीतूनही माझे दात हलले. पिवळ्या जर्सीतला एक माणूस गुडघ्यावर बसला, त्यानं 'सोडा' अशी खूण करत हात पुढं टेकवला.

आणि त्या क्षणी तोरसकरांनी उजव्या कानावरची झाकणी वर केली.

विमान सुटलं. दोन सेकंद. ते डेकच्या टोकाला होतं, मग टोक रिकामं होतं, मग ते आभाळात होतं. त्या आवाजाला आवाज म्हणणं चूक आहे. तो छातीत शिरला आणि पाठीतून बाहेर पडला. पिवळ्या जर्सीवाला आमच्याकडे धावत येत होता, हातवारे करत, शिव्या देत असावा. तोरसकरांनी झाकणी खाली ओढली. ते हसत होते. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"इला रे!" ते माझ्या कानाजवळ ओरडले. "झिला, आयकाक इला! उजव्यान इला!"

कॅप्टननी माझा दंड धरला. "काय म्हणतायत चीफ?"

"ऐकू आलं म्हणतायत, सर!" मी ओरडलो. "उजव्या कानानं!"

कॅप्टन कुरुविलांनी तोरसकरांकडे पाहिलं. मग आम्ही तिघं पाहुणीच्या साडेचार एकरांवर उभे राहून, वाफेत, वेड्यासारखे हसायला लागलो.

"परत गेल्यावर लॉगमध्ये लिही, काळेल," ते माझ्या कानाशी ओरडले. "पाहुणी सापडली. अंतर शून्य. ऐकणारा, मास्टर चीफ तोरसकर."